पाचोऱ्याच्या जवानानं रोट खाल्ले का?

कानबाई विसर्जनाला नदीला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा मंगळवार, सकाळ. ठिकाण जळगाव स्टेशनचा फलाट, पाण्याच्या नळापाशी. हजर: मी, निवृत्त सुभेदार नाना, शिट्टीसह, पार्सलं शिवणाऱ्या अक्का, दाभणासह, रिक्षावाले भाऊ, रजा संपवून पलटणीत परत निघालेला पाचोऱ्याचा जवान, त्याच पलटणीतल्या दुसऱ्या एका जवानाची आई, नरडाण्याजवळच्या गावाहून पहिल्या गाडीनं आलेली, आणि त्या आईची मुलगी, जिचं लग्न या पाचोऱ्याच्या जवानाशी ठरत होतं. उशिरा हजर: गाडी.

हजेरी लिहायची सवय मला नोकरीनं लावली. मी एका डाळमिलच्या ऑफिसात माल रवाना करण्याचं काम बघते. किती कट्टे, म्हणजे पोती, चढले, कुठे निघाले, कोणी मोजले हे कागदावर आल्याशिवाय आमचं गेट उघडत नाही. तीच सवय मी मंडळात आणली. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. नोंदणी नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही. नानांना अध्यक्ष व्हायचं होतं, पण कोणाचे, असं अक्कांनी विचारल्यावर तो विषय मिटला. ज्या घरातला मुलगा किंवा नवरा फौजेत आहे त्या घराची अडलेली कामं आम्ही करतो. सासूचा मोतीबिंदू, पोराची शाळेतली भरती, बँकेत अंगठा जुळत नाही, गॅसचं पुस्तक हरवलं. भाऊंची रिक्षा, अक्कांचं शिलाई मशीन, नानांचा आवाज आणि माझ्या याद्या, एवढ्यावर चालतं.

यातलं सगळ्यात गमतीचं काम म्हणजे ‘जाणारा माणूस’. कोणता जवान कधी रजेवरून परत चालला आहे आणि त्याच्या पलटणीत आपल्या भागातले आणखी कोण आहेत, हे आम्ही बघून ठेवतो. मग त्या घरांना कळवतो. ती मंडळी स्टेशनवर पार्सल आणतात आणि जाणारा माणूस ते घेऊन जातो. पोस्टाला लागतात त्यापेक्षा कमी दिवस लागतात, आणि पोस्ट काही आईला सांगत नाही की तो बारीक झालाय.

नियम मी केलेत. एका घराचं एकच पार्सल, उचलायला एक हात पुरला पाहिजे. काचेची बरणी नाही. तेल सुटेल असं लोणचं नाही. हिरवी भाजी नाही. शेवटचा नियम नंतर घालावा लागला, कारण एका काकांनी भरताची वांगी पाठवली होती, ‘तिथं शेकोटी ऱ्हातेच ना’ म्हणून. आणि रावेरकडच्या एका आजोबांनी केळीचा अख्खा घड आणला होता. घड जवानापेक्षा उंच होता. नानांनी शिट्टी वाजवून गाडीचा सगळा डबा रांगेत उभा केला आणि केळी वाटून टाकली. आजोबा घरी गेले ते खूश होऊनच. नातवाला एक केळ मिळालं असेल कदाचित.

तर त्या मंगळवारी पार्सल होतं रोटांचं.

आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई, आमची देवी, बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी नदीला जाते. घराघरांत रीत थोडी थोडी वेगळी, पण रोटांचा मान सगळीकडे सारखाच. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, धुतलेल्या चक्कीवर दळायचे, आणि त्या पिठाचे रोट करायचे. या घरी ते गुळाच्या पाण्यात मळलेले, जाड, खरपूस भाजलेले असतात. ते भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्यानं नाही, जावयानं नाही, पोरगी लग्न होऊन गेली की तिनंही नाही. आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याच्या नावाचे गहू, त्याच्या पोटात जायला हवेत.

या आईचा मुलगा बर्फाकडच्या भागात. मागची काही वर्षं त्याच्या वाट्याचे रोट त्याचा चुलता खायचा. त्या चुलत्याला यंदा साखर निघाली. डॉक्टरनं गूळ बंद केला.

“ताई, मना पोऱ्याना वाटाना रोट आते कोन खाई?” तिनं मला फोनवर विचारलं होतं.

मी याद्या बघितल्या. त्या पलटणीत जाणारा माणूस होता एकच, पाचोऱ्याचा. तिचा होणारा जावई.

“तो चालंल का, पण?” मी विचारलं. “तो भाऊबंद नाही ना.”

मग ती म्हणाली, “लई जावाले काय व्हस? खावानं नही. हात लावानं नही.”

हात न लावता रोट कसे न्यायचे, यावर आमच्या मंडळाची बैठक झाली. अक्कांनी तोडगा काढला. स्टीलचा डबा, त्यावर डाळमिलच्या कोऱ्या पोत्याचं कापड, चारी बाजूंनी दाभणानं शिवून बंद. “म्हणजे तो डबा नेतोय,” अक्का म्हणाल्या. “आत काय आहे ते डब्याला माहीत.” नानांनी मान्यता दिली. मी नोंद केली: डबा एक, शिवलेला, आतला माल भाऊबंदांचा.

फलाटावर आईनं डबा पाचोऱ्याच्या जवानाच्या मांडीवर ठेवला. तो बाकावर अगदी ताठ बसला होता, सासू समोर म्हणून. बाजूला त्याची स्वतःची पिशवी, त्यात त्याच्या आईनं दिलेली लसूण शेव. वास सगळ्या फलाटावर.

“जपीसन लई जाजो,” आई म्हणाली.

“हो, मावशी.”

“वर काही ठेवू नको.”

“नाही, मावशी.”

मुलगी धुळ्याला शेवटच्या वर्षाला शिकते. तिच्या जिभेला हाड नाही. ती जराशी वाकून म्हणाली, “तो फोडला तर मी पण फोडीन.”

“काय?” जवानानं विचारलं.

“ते तेव्हा ठरवू.”

भाऊ एवढे हसले की त्यांना खोकला लागला. गाडी आली, नानांनी शिट्टी मारली, गार्डानं नानांकडे रागानं बघितलं, आणि डबा खिडकीशी मांडीवर घेऊन आमचा जाणारा माणूस गेला. राखीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पाचोऱ्याची वडीलधारी मंडळी सुपारी फोडायला नरडाण्याकडे जाणार होती. नवरदेवाची त्याला गरज नसते. सुपारी मोठी माणसं फोडतात, लग्न पुढच्या रजेत.

शनिवारी सकाळी मी मिलमध्ये हरभऱ्याची गाडी भरून घेत होते. फोन वाजला.

“ताई,” आई म्हणाली, आणि पुढे नुसता श्वास.

फौजी घरातून असा फोन आला की आधी एकच विचार येतो. मी काट्यावरचं वजनही वाचायचं थांबले.

“बठ्ठास्नी खादं!” ती ओरडली.

“कोणी? काय खाल्लं?”

“रोट! बठ्ठास्नी!” सगळ्यांनी.

मी तिथंच हरभऱ्याच्या कट्ट्यावर बसले आणि मला हसू आलं. ते सुटकेचं होतं, पण तिला काय माहीत. ती म्हणाली, “हसू नका हो ताई. व्हिडिओ देखा.”

व्हिडिओ तिच्या मुलानंच पाठवला होता. मोठ्या खुशीत. एक बैठं खोपट, मध्ये घासलेटचा स्टोव्ह, भोवती जाडजूड कोटातली पोरं. डबा उघडा. पोत्याचं कापड एकानं डोक्याला बांधलेलं. एक सरदारजी रोट दुमडून तोंडात कोंबत होता, “माताजी, कमाल है!” दक्षिणेकडचा एक जण डोळे मिटून चावत होता. तिचा मुलगा मोबाईल फिरवत म्हणत होता, “बघ आई, एक पण उरला नाही! पौर्णिमेच्या आत!” आणि मोबाईल फिरता फिरता कोपऱ्यात गेला. तिथं पाचोऱ्याचा जवान. गाल फुगलेला. चावतोय. कॅमेरा बघून दचकला, अंगठा वर केला, आणि व्हिडिओ संपला.

आता इतरांचं काय ते पुढे बघता आलं असतं. देवी समजून घेईल, पूजा करू, नारळ वाहू. पण पाचोऱ्याचा जवान? भाऊबंदांचे रोट ज्यानं खाल्ले तो भाऊबंद झाला. आणि भाऊबंदाला पोरगी कशी द्यायची?

हे मी म्हणत नाही. हे त्या भाऊबंदकीतले सगळ्यात मोठे आबा म्हणत होते. आईच्या फोनमध्ये मागून त्यांचा आवाज येत होता.

“सुपारी थांबाडा. खादं व्हई तर सोयरीक व्हवाव नही.”

“त्याले पुसा तरी, आबा!” आई म्हणाली. मग मला, “ताई, त्यानी खादं का नही, इतलंच माले सांगा. मनी पोरनं लगन शे.”

इतकंच सांगायचं होतं. पण व्हिडिओ पाठवून पोरं त्या रात्रीच पुढच्या चौकीवर गेली होती. फोन लागत नव्हता. आणि सोमवार परवावर.

मी मिलमधून अर्धी सुट्टी टाकली. दुपारी मंडळ माझ्या स्वयंपाकघरात जमलं. व्हिडिओ लावला. थांबवला. पुन्हा लावला.

“गाल बघा,” भाऊ म्हणाले. “रोटाचाच गाल आहे.”

“रोटाचा गाल कसा असतो?” अक्कांनी विचारलं.

“गोल.”

“आणि शेवेचा?”

भाऊंनी विचार केला. “तो पण गोलच.”

मी ओट्यावरून चिवडा, बाकरवडी आणि पोळीचा तुकडा काढला आणि भाऊंना प्रत्येक घास घेऊन माझ्या मोबाईलसमोर चावायला लावलं. तुलनेसाठी. तीन वेळा चावून झाल्यावर भाऊ म्हणाले, “ताई, चहा मिळंल का? घशात बसलं.” तुलनेतून काही हाती लागलं नाही.

नाना तोवर गप्प होते. नाना गप्प असले की ते मनात मजकूर तयार करत असतात. त्यांचा एक जुना सोबती भुसावळला राहतो, त्याचा जावई त्याच पलटणीच्या कचेरीत आहे. “निरोप जाऊ शकतो,” नाना म्हणाले. “पण निरोप रीतसर पाहिजे.”

“नाना, रीतसर म्हणजे? ‘पोरानं रोट खाल्ले का’ एवढंच.”

“फौजेत असं विचारत नाहीत.” त्यांनी खाकरून घशाला सूर लावला आणि सोबत्याला फोनवर सांगितलं. मी ऐकलं ते असं: “संबंधित जवानाने घरून आलेल्या डब्यातील पदार्थ खाल्ला किंवा कसे, याची तातडीने खात्री करून कळवावे. घरचे लोक अत्यंत चिंतेत आहेत.”

फोन ठेवून त्यांनी आमच्याकडे अभिमानानं बघितलं. अक्का म्हणाल्या, “छान झालं.” मलाही तेव्हा छानच वाटलं. आता वाचताना तुमच्या जे लक्षात आलं ते आमच्या चौघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

रात्री उशिरापर्यंत काही नाही. रविवारी सकाळी मी, नाना आणि अक्का गाडीनं नरडाण्याला गेलो. भाऊ रिक्षा घेऊनच निघणार होते, त्यांना रस्त्यातले खड्डे सांगून परत पाठवावं लागलं. गावात राखीमुळे लेकी आलेल्या, पोरांच्या हातावर चमकीच्या गोंड्यांच्या राख्या बांधलेल्या. आणि त्या घराच्या ओसरीत बसलेली अख्खी भाऊबंदकी. आबा मध्ये, खाटेवर. त्यांच्या हातात कोणाचा तरी मोठा मोबाईल. व्हिडिओ चालू.

“हाऊ देख. गिळस,” आबा म्हणाले.

“आबा, थुंकी गिळतो तो,” कोणीतरी म्हणालं.

“थुंकी गिळाले गाल फुगस का?”

मुलगी मागच्या दारी ताटं घासत होती. मी पाणी प्यायच्या निमित्तानं गेले. ती हसून म्हणाली, “या ताई. ऐकलं ना? मला आता भाऊ मिळाला. आज राखी पाठवायला पाहिजे होती.”

“अगं, होईल सगळं नीट.”

“होईलच. आणि नाही झालं तरी पुढच्या वर्षी परत रोट मिळतील मला. या वर्षी शेवटचे म्हणून मी दणकून खाल्ले. उगाच.” ती ताट घासत राहिली. ते ताट आधीच स्वच्छ होतं. मला त्यात माझा चेहरा दिसत होता, ती मात्र घासतच होती.

मी तिच्या हातातून ताट काढून घेतलं. तेवढ्यात नानांचा फोन वाजला.

भुसावळचा सोबती. नाना उठून उभे राहिले, एका हातानं फोन कानाला, दुसरा हात सावधानमध्ये पँटच्या शिवणीला टेकवलेला. “हां. हां. काय? कोणाची नाडी?”

आबांनी व्हिडिओ थांबवला.

“सगळ्यांची?” नाना म्हणाले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “गोळ्या कशाच्या?”

निरोप पलटणीत पोचला होता आणि वाचणाऱ्यानं तो जसा वाचायला हवा तसाच वाचला होता. डब्यातला पदार्थ, तातडी, घरचे अत्यंत चिंतेत. म्हणजे पदार्थ बिघडलेला. म्हणजे विषबाधा. चौकीवर रात्रीच नर्सिंगचा जवान पाठवला गेला. त्यानं डब्याभोवती बसलेल्या सगळ्यांना झोपेतून उठवून एका रांगेत उभं केलं, जीभ बाहेर काढायला लावली, पोट दाबून बघितलं, नाडी आणि ताप मोजला. प्रत्येकाला विचारलं, खाल्लं का, किती खाल्लं, पोटात कळ येते का. सरदारजीनं म्हणे सांगितलं की कळ नाही, पण आणखी आहे का.

“आणि आपला?” मी म्हणाले. “पाचोऱ्याचा?”

नानांनी हात वर केला, थांबा म्हणून. ऐकलं. मग मोठ्यानं, कवायतीच्या आवाजात सांगितलं, “तो म्हणतो, खाल्लं नाही. तरी खबरदारी म्हणून त्याला गोळी दिली.”

अक्कांनी टाळी वाजवली. आईनं पदर तोंडाला लावला. पण आबा जागचे हलले नाहीत.

“खादं नही सांगस, कारन डॉक्टर उभा शे. मंग तोंडात काय व्हतं? मी त्याना तोंडनं ऐकसू.”

तेही झालं. एवढ्या तपासणीनंतर पलटणीतल्या साहेबांनाच वाटलं की पोरांनी घरी बोलून घ्यावं, लोक घाबरलेत. तासाभरात चौकीवरच्या फौजी लाइनीवरून आईच्या मोबाईलवर फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकून खाटेवर आबांसमोर ठेवला. सगळी ओसरी पुढे सरकली. एक बाळ रडायला लागलं तर त्याला चार जणींनी एकदम गप्प केलं.

आधी तिच्या मुलाचा आवाज. “आई! काय झालं गं? कोण आजारी पडलं? आमची जीभ कशाला बघताहेत सगळे?”

“तुले रोट एकल्यानी खावाना व्हतात!” आई म्हणाली. “तुले कोनी सांगं नही का?”

“अगं, डबा उघडला आणि सगळे आले. इथं एकट्यानं कसं खायचं? इथं कोणी एकट्यानं काहीच खात नाही.”

आबांनी हात हलवला. “ते नंतर. त्या पाचोऱ्याले दे.”

खरखर झाली. मग खालच्या आवाजात, “नमस्कार, आबा.”

“तुनी रोट खादा का?”

“नाही, आबा.”

“मंग तोंडात काय व्हतं?”

“शेव.”

“कशानी शेव?”

“लसणाची. आईनं दिलेली. सगळे रोट खात होते, मी नुसता बसलो असतो तर त्यांनी बळंच तोंडात घातला असता. म्हणून मी आधीच तोंड भरून घेतलं.”

ओसरीत कोणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली. “साक्षीले कोन शे?”

“आबा, कोर्ट आहे का हे?” मुलगी दारातून म्हणाली. तिच्या हाताला अजून राख होती.

“तू मधमा बोलू नको.” मग मोबाईलला, “तुले माहीत व्हतं का, रोट कोन खातस?”

“माहीत होतं. आमच्याकडेही कानबाई बसते. तो डबा मी दोन रात्री मांडीवर घेऊन बसलो, आबा. वास येत होता गुळाचा. समोरचा प्रवासी म्हणाला, भाऊ, उघडा की. मी नाही उघडला. इथं आल्यावर यानं उघडला, माझ्या हातात एक दिला पण. मी तो सरदारजीला दिला.”

“का?”

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज.

“बोला की,” मुलगी म्हणाली. “अख्खी भाऊबंदकी ऐकतेय.”

“म्हणूनच बोलता येत नाही,” तो म्हणाला.

“बोल रे!” तिकडून तिच्या भावाचा आवाज. “नाहीतर मी सांगतो.”

“मला,” पाचोऱ्याचा जवान म्हणाला, आणि थांबला, आणि मग एका दमात, “मला तुमचा भाऊबंद व्हायचं नाही, आबा!”

काय दंगा झाला म्हणून सांगू. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या. पोरं उड्या मारायला लागली, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तरी. नानांनी खिशातून शिट्टी काढली आणि वाजवली, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. अक्का रडत होत्या आणि हसत होत्या आणि माझ्या दंडाला चिमटे काढत होत्या. मुलगी दारातून नाहीशी झाली. मागच्या दारी भांडी पडल्याचा मोठा आवाज आला. आबा खाटेवरून उठले, मोबाईलकडे बोट करून म्हणाले, “बावळट शे,” आणि सगळ्यांना कळलं की सुपारी सोमवारी फुटणार.

त्या दंग्यात आई मात्र विचार करत होती. हसू ओसरल्यावर ती मुलाला म्हणाली, “ज्यास्नी खादं, त्यास्ना नावं सांग.”

“कशाला, आई?”

“ते आते भाऊबंद व्हयनात. पुढला सालले त्यास्ना नावना गहू मोजना पडी.”

आबांचा पाय ओसरीच्या पायरीवर होता तो तसाच राहिला. “असं कसं? सरदारना नावना गहू?”

“आबा,” ती हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, “मना पोऱ्या त्यास्नासंगे ऱ्हास. त्यास्नासंगे खास, त्यास्नासंगे बरफमा उभा ऱ्हास. मंग भाऊबंद आखो कोनले म्हनतस?”

आबांनी पाय पायरीवरून मागे घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लिखी ले, ताई. सव्वा सव्वा मूठ. पन पाचोऱ्यानं नाव नको लिखू.”

“नाही लिहीत,” मी म्हणाले आणि पेन काढलं.

मुलानं तिकडून एकेक नाव सांगितलं. सरदारजी. दक्षिणेकडचा. एक गढवालचा, एक बिहारचा, एक राजस्थानी, ज्यानं पोत्याचं कापड डोक्याला बांधलं होतं आणि अजून सोडलं नव्हतं. प्रत्येकाचं घरचं गावही मी विचारून घेतलं, कारण पुढच्या वर्षी कोण कोणत्या चौकीवर असेल ते सांगता येत नाही, आणि रोट पोचले पाहिजेत ना. नाना हिशेब करत होते की पंजाबला आपला जाणारा माणूस कोण.

“झाले का सगळे?” मी विचारलं.

“झाले. हां, एक ड्रायव्हर पण होता,” मुलगा म्हणाला. “रसद घेऊन आलेल्या ट्रकचा. गाडी उतरवेपर्यंत आत आला, स्टोव्हशी हात शेकले, दोन रोट खाल्ले आणि गेला. नर्सिंगवाले पण त्याला शोधताहेत. गोळी द्यायची राहिली आहे.”

“नाव?”

“नाव कोण विचारतं, ताई? आम्ही त्याला ड्रायव्हर साहेबच म्हणालो.”

सोमवारी सुपारी फुटली. पाचोऱ्याकडून आलेल्या मंडळींनी मोठ्या परातीतून लसूण शेव आणली होती, मुद्दाम. आबांनी पहिली मूठ उचलली आणि गाल फुगवून सगळ्यांकडे बघितलं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं, पुढच्या रजेत, आणि त्याच्या याद्या निराळ्या आहेत. मुलगी आता पाचोऱ्याला असते. तिथल्या कानबाईचे रोट खाते आणि फोन करून सांगते की गूळ कमी घालतात.

इकडे आई दर काही दिवसांनी मला फोन करते. ‘ताई, ड्रायव्हरनं नाव भेटनं का?’ नानांनी भुसावळच्या सोबत्याकडे निरोप ठेवला आहे, यावेळी साधा. मी प्रत्येक जाणाऱ्या माणसाला सांगते की वाटेत रसदेचा ट्रक थांबला तर विचार, त्या वर्षी पौर्णिमेच्या आसपास कोणी दोन गोड रोट खाल्ले होते का. एकानं विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, नाही खाल्ले, पण असतील तर द्या.

दोन श्रावण झाले. तिनं त्या ड्रायव्हरच्या नावाचे गहू मोजले नाहीत, कारण नाव न घेता मूठ उचलत नाहीत. त्याच्यासाठी धुवून वाळवलेले गहू वेगळ्या डब्यात बाजूला आहेत. यादीत त्याच्यासमोरची जागा मोकळी आहे.